शेषाच्या भावकीतला सरडा

केवळाबाईला "न्हाई" म्हणता येत नसे. तो शब्द तिच्या जिभेला सोसतच नसे म्हणा ना. दारात कुणी साखर मागायला आलं की ती "हाय की!" म्हणायची, त्याला ओट्यावर बसवायची आणि मागच्या दारानं शेजारणीकडं साखर मागायला पळायची. एकदा वाट चुकलेल्या एका ट्रकवाल्यानं विचारलं, ही वाट अहमदपूरला जाते का. बाई म्हणाली, "जाती की!" तो बिचारा ट्रकसकट ओढ्याच्या वाळूत रुतला, आणि ट्रक ढकलायला सगळ्यांच्या पुढं केवळाबाईच. मन वाईट नव्हतं हो तिचं. समोरच्याचं तोंड उतरलेलं तिला बघवत नसे, एवढंच.

याच "हाय की"नं तिच्या घराचा घोळ करून ठेवला होता. मुलाचं, नरसिंगचं, लग्न जमवताना मुदखेडच्या पाहुण्यांनी विचारलं, विहीर आहे का? केवळाबाई म्हणाली, "हाय की!" आता हे काही खोटं नव्हतं. विहीर होती. दगडी, पायऱ्यांची, आत पारवे घुमणारी. पाण्याचं कुणी विचारलंच नाही, मग तिनं तरी आपणहून कशाला काढावं? लग्नानंतर सून सिंधू घागर घेऊन विहिरीवर गेली, वाकून आत बघितलं, तर आतून पारव्यांनी तिच्याकडं बघितलं. पुढं सिंधू बाळंतपणाला माहेरी गेली ती परत आली नाही. मुलगी झाली, पालथी पडली, बसायला लागली, तरी आजीनं नातीचं तोंड पाहिलेलं नव्हतं. नरसिंग दोनदा जाऊन आला आणि दोन्ही वेळा तोच निरोप घेऊन आला: "गावात पाणी आलं की येते. पाळणा तिथंच टांगू, नाव बी तिथंच ठिवू." तोवर त्या पोरीला सगळे नुसतं "बाळी" म्हणत होते.

तू स्वतः का जात नाहीस, असं गावातल्या बाया केवळाबाईला विचारायच्या. ती काय सांगणार? सिंधूनं समोर बसवून "आत्या, पाणी हाय का?" असं विचारलं असतं, आणि जिभेनं पुन्हा घात केला असता. आपल्या जिभेला तीच सगळ्यांत जास्त ओळखून होती.

पाणी नव्हतं, याला एकटं आभाळ जबाबदार नव्हतं. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. नकाशावर नवी रेघ ओढणाऱ्याच्या पेन्सिलीला टोक नसावं. रेघ जाड आली आणि चिंचमाळ हे गाव तिच्याखाली झाकलं गेलं. त्यात दुष्काळ पडला. सरपंच व्यंकटराव टँकर मागायला नांदेडकडं गेले की तिथले साहेब म्हणायचे, "तुम्ही गेलात की तिकडं." लातूरकडं गेले की तिथले साहेब म्हणायचे, "अहो, तुम्ही अजून आलाच नाहीत." गेलेलं पण न आलेलं ते गाव मधल्या मध्ये तहानलेलं राहिलं. अलीकडच्या गावाला टँकर येई, पलीकडच्या गावाला येई, आणि चिंचमाळच्या शिवेवरून जाताना पाण्याची धार गळत जाई. बाया पातेली घेऊन त्या धारेमागं धावायच्या. व्यंकटरावही एकदा धावले. धोतर सावरत, तांब्या घेऊन. त्या दिवसापासून त्यांनी सरपंचकीचा रुबाब जरा कमी केला.

अशा दिवसांत भर दुपारी एक लुना फटफटत गावात आली. वर उदगीरकडच्या कुठल्याशा कॉलेजातले विरूपाक्ष सर. डोक्यावर ओला नसलेला ओला रुमाल, म्हणजे निघताना ओला केलेला आणि वाटेत वाळलेला. गळ्यात दुर्बीण. पारावर चिटपाखरू नव्हतं, फक्त केवळाबाई सावलीत बसून शेण्या मोजल्यासारखं करत होती. सर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि पुस्तकी मराठीत म्हणाले, "मावशी, मी एक नामशेष सरडा शोधतोय."

केवळाबाईनं कान टवकारले. सरडा तिला माहीत होता. शेषही माहीत होता. नागपंचमीला त्याच्याच नावानं ती वारुळाला लाह्या वाहायची. शेषाचं नाव लावणारा सरडा म्हणजे नक्की नागोबाच्या भावकीतला! तरीच, तिला वाटलं, आपल्या माळावरचे सरडे माणसाला बघून अशा ऐटीत माना हलवतात. खानदानीच निघाले की!

"हाय की!" ती म्हणाली.

उकिडवे बसलेले सर मागं कलंडले. "आहे? नामशेष?"

"मोप हायत. सकाळच्याला काट्याच्या कुपाटीवर बगा, नामशेषच नामशेष!"

"गळ्याखाली निळी झालर असते. नर ती पंख्यासारखी फुलवतो—"

"फुलवतो की!"

"दगडावर चढून, दोन पायांवर उभा राहतो म्हणे—"

"हुभा? सर, नाचतो की वो तो!"

सरांनी तेवढ्यात एक साधा उलट प्रश्न विचारला असता तर पुढचा सगळा तमाशा झालाच नसता. पण ज्या माणसानं माळामाळांवर उन्हात फिरून अर्धं आयुष्य "नाही" हेच ऐकलं, त्याला "हाय की" ऐकल्यावर प्रश्न कुठून सुचणार? ते तसेच माळावर धावले. उन्हाचा असा कडाका होता की सरडेच काय, दगडसुद्धा बिळात शिरतील. काही दिसलं नाही. घामानं निथळत सर परत आले आणि म्हणाले, "मावशी, हा खरा ठरला ना, तर मोठमोठे साहेब येतील बघा या गावात. दिल्लीहूनसुद्धा येतील."

"येतील मंग, पाणी पीत असतील का ते सायब?"

"म्हणजे काय! पाणी लागणारच."

केवळाबाईच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. साहेब येणार म्हणजे त्यांच्या मागोमाग पाणी येणार, आणि पाण्यामागोमाग सिंधू, आणि सिंधूच्या कडेवर बाळी. तिनं सरांना हवं ते सगळं सांगितलं. झालरीला तांबडी किनार असल्याचंही सांगितलं, फुकटात.

सरांनी थोडा धीर धरायला हवा होता. त्यांनी तो धरला नाही. आठवड्याभरात नांदेडच्या एका पेपरात बातमी आली: नामशेष सरडा चिंचमाळला जिवंत! व्यंकटरावांनी ती पारावर मोठ्यानं वाचली. "नामशेष" म्हणजे काय हे त्यांनाही नीटसं ठाऊक नव्हतं, पण सरपंचानं अडखळायचं नसतं, म्हणून ते त्या शब्दावरून ठसक्यात पुढं गेले. कोतवाल दगडोबानं तर त्याच संध्याकाळी माळावरच्या एका दगडाला हळदकुंकू वाहून टाकलं.

आणि मग दोन्हीकडच्या साहेबांना चिंचमाळ एकाएकी आठवलं. नांदेडकडून निरोप आला: गाव पूर्वीपासून आमचंच. लातूरकडून निरोप आला: गाव आता आमचंच. नव्या जिल्ह्याला स्वतःचं असं काहीतरी हवं होतंच. जुन्या जिल्ह्याकडं सगळं होतं, पण म्हणून सरडा काय सोडायचा? पुढच्या सोमवारी सकाळी एक टँकर आला. गाव त्याच्यावर तुटून पडलं. संध्याकाळी दुसरा आला, आणि त्याच्याकडं बघायला कुणाला सवडच नव्हती, कारण सगळे अंघोळ करत होते!

काय ते दिवस होते! बाया आपसात भांडायला लागल्या, नांदेडचं पाणी गोड का लातूरचं. कस्तुराबाई म्हणायची डाळ नांदेडच्या पाण्यात शिजते. तिची जाऊ मुद्दाम लातूरच्या पाण्यात शिजवून दाखवायची. म्हातारे दिवसातून दोनदा पाय धुवायला लागले. व्यंकटरावांची म्हैस टँकरच्या वेळेला आपणहून पारावर येऊन उभी राहायची. एकानं तर अंगणात सडा घातला, तो बघायला निम्मी गल्ली गोळा झाली आणि वास घेत उभी राहिली.

केवळाबाईनं नरसिंगला तातडीनं मुदखेडला धाडलं. "सांग तिला, दोन-दोन टँकर हायत म्हणावं! सरड्याच्या पुण्याईनं!"

नरसिंग दुसऱ्या दिवशी एकटाच परत आला. सिंधू म्हणाली होती, "टँकर आज हाय, उद्या न्हाई. आत्याला म्हणावं, आधी तो सरडा तरी खराच हाय का, ते कळू द्या."

केवळाबाईला राग आला, आणि त्याच्या आतून भीती वाटली. त्या दिवशी पहिल्यांदा ती स्वतः सकाळी माळावर गेली आणि सरडे नीट बघितले. होते की सरडे. मातकट, सुकट, माना हलवणारे. एकाच्याही गळ्याखाली निळं काही नव्हतं. तिनं एकाला म्हटलं, "आरं, फुलीव की!" त्यानं मान हलवली आणि पळाला.

तोवर निरोप आला होता की गुरुवारी दोन्हीकडचे साहेब, पेपरवाले आणि विरूपाक्ष सर मिळून सरडा बघायला येणार. सगळं गाव माळावर उतरलं. गोधड्या घेऊन, टोपल्या घेऊन, एक जण तर मच्छरदाणी घेऊन. सरडे सापडले पुष्कळ. निळा एकही नाही. बुधवारी दुपारी व्यंकटराव केवळाबाईच्या ओट्यावर येऊन बसले आणि नरसिंगकडं बघून म्हणाले, "पोळ्याला बैलाची शिंगं लई झ्याक रंगवतोस बाबा तू."

नरसिंगनं आईकडं बघितलं. केवळाबाईनं क्षणभर विचार केला. "देवाच्या भावकीतला हाय. जरा नटवला म्हणून काय बिघडलं?" ती म्हणाली, आणि कपड्याची नीळ काढून दिली.

गुरुवारी दोन जिपा आल्या. नांदेडकडच्या साहेबांनी आपल्या जिल्ह्याच्या नावाची लोखंडी पाटी आणली होती. ती त्यांनी वेशीत दोन दगडांमध्ये रोवली. लातूरकडच्या साहेबांनीही पाटी आणली होती, आणि नवा जिल्हा, नवा हुरूप, म्हणून तिच्यासाठी सिमेंटसुद्धा आणलं होतं. त्यांच्या माणसानं टँकरच्या पाण्यात सिमेंट कालवलं आणि पाटी पक्की बसवली. दोघांनी आपापल्या पाटीजवळ उभं राहून फोटो काढून घेतले. मग सगळी वरात माळावर निघाली. पुढं सर. त्यांनी नवा शर्ट घातला होता, पांढराशुभ्र.

ठरल्याप्रमाणे नरसिंगनं दगडाआडून टोपली उचलली. सरडा बाहेर आला. चिडलेला होता, गळा फुगवलेला होता, आणि तो गळा असा निळाजर्द चमकत होता की व्यंकटरावांच्याच तोंडून "आई शप्पथ!" निघून गेलं. सरडा हळदकुंकवाच्या दगडावर चढला. मान वर केली. उन्हात ती निळाई बघून पेपरवाल्याला फोटो काढायचंही सुचलं नाही.

सर गुडघ्यावर बसले. मग पोटावर पडले, नव्या शर्टासकट, आणि सरपटत पुढं गेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी अलगद हात पुढं करून सरड्याला धरलं. उचललं. बघितलं. हात खाली आला तेव्हा त्यांची बोटं निळी झालेली होती.

सरडा निसटला आणि जाता जाता त्यांच्या शर्टावर निळी रेघ ओढून गेला. सर शर्टाकडं बघत राहिले आणि मग त्यांना हसू फुटलं. हसत हसत ते मातीतच उठून बसले. "मावशी," ते म्हणाले, "कुणी केला हा रंग?"

नरसिंगनं मान खाली घातली.

"निजामाच्या काळात एका साहेबानं इथला सरडा धरून बाटलीत घातला होता," सर म्हणाले. "तो मी बघितलाय. औषधात राहून पांढरा पडलाय. निळा होता म्हणतात, पण कसा निळा होता, हे आज जगात कुणाला माहीत नाही. अर्धा मिनिट का होईना, मला वाटलं, असा."

"पर सर," केवळाबाई कशीबशी म्हणाली, "नामशेष तर हायत ना? बिनरंगाचे का हुईनात?"

सरांनी तिच्याकडं निरखून बघितलं, आणि त्यांना सगळं उमगलं. ते रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "मावशी, नामशेष हे त्याचं नाव नाही. नामशेष म्हणजे नुसतं नाव शिल्लक राहिलं. तो गेला. हा माळ कमरेएवढ्या गवताचा होता तेव्हा तो होता. गवत गेलं, तोही गेला. तुम्ही बघता ते साधे सरडे."

माळावर वारा नव्हता. गवत तर नव्हतंच. ते कसं गेलं, हे तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. केवळाबाईला एकाएकी फार वाईट वाटलं. एका उपऱ्या माणसाला आपण "मोप हायत" म्हणालो, आणि तो नवा शर्ट घालून आला. असला एक जीव होता आणि तो कुठंच उरला नाही, हे तिला पहिल्यांदा कळत होतं, आणि पदर तोंडाला लावून ती मुसमुसून रडायला लागली. सरच तिची समजूत घालायला लागले.

साहेब लोकांची मात्र धांदल उडाली. सरडा नाही म्हटल्यावर गाव कुणाला हवं होतं? नांदेडकडचे साहेब म्हणाले, "तसं बघितलं तर हे गाव तुमच्याकडंच गेलंय." लातूरकडचे म्हणाले, "छे छे, अजून तुमच्याकडंच आहे." बोलता बोलता दोघांचीही पावलं वेशीकडं वळली. नांदेडकरांनी दोन दगड बाजूला केले, पाटी उपसली, जिपेत टाकली आणि धुरळा उडवत गेले. लातूरकरांनी आपली पाटी हलवून बघितली. हलेना. दोन शिपाई लागले. ड्रायव्हर लागला. साहेबांनी स्वतः बाह्या सारल्या. वैशाखाच्या उन्हात सिमेंट जे काही पकडून बसलं होतं, त्यापुढं त्यांची काही मात्रा चालेना.

व्यंकटराव इतके दिवस फार नमून वागले होते. आता ते पाटीला पाठ लावून उभे राहिले आणि रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सायब. बसलीय झ्याक. फोटू बी निघालाय. उद्याच्या पेपरात येतंय म्हणं."

साहेबांनी पेपरवाल्याकडं बघितलं. पेपरवाल्यानं मान डोलावली. गाव जे हसायला लागलं ते दगडोबा पोट धरून खाली बसेपर्यंत. अशा रीतीनं चिंचमाळ लातूर जिल्ह्यात आलं. टँकर एकच झाला, तोही दिवसाआड, पण हक्काचा.

दुसऱ्या दिवशी केवळाबाईनं लुगडं बदललं आणि कुणाला न सांगता मुदखेडची वाट धरली. वाटभर ती जिभेला वळण लावत होती. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "मावशी, सुटे हायत का?" ती म्हणाली, "न्हाईत!" सुटे होते. पण म्हणता आलं, याचाच तिला केवढा आनंद झाला. नांदेडला रेल्वेत बसल्यावर एका बाईनं विचारलं, "इथं जागा हाय का?" केवळाबाई म्हणाली, "न्हाई!" शेजारी तिघं बसतील एवढी फळी मोकळी होती. ती बाई तिच्याकडं बघत बघत पुढच्या डब्यात गेली. सवय व्हायला जरा वेळ लागतोच.

मुदखेडच्या घराच्या दारात सिंधू उभी होती, कडेवर बाळी. पोरीचे डोळे थेट नरसिंगचे. केवळाबाईचे हात आपोआप पुढं गेले, पण सिंधूनं पोर दिली नाही. तिनं विचारलं, "आत्या, गावात पाणी हाय का?"

जीभ "ह"वर गेलीच होती. केवळाबाईनं ती दातांत धरली.

"न्हाई," ती म्हणाली. "हीर कोरडी हाय. तुमच्या लग्नात बी कोरडीच व्हती. मला ठावं व्हतं. टँकर दिसाआड येतो, कवा वेळंवर, कवा न्हाई. सरडा बी न्हाई. लई वर्सं झाली जाऊन. म्या हाय म्हणले ते समदं न्हाई, बग सिंधू." एवढं बोलून ती उंबऱ्यावरच बसली. इतकी "न्हाई" एका दमात म्हणून तिला धाप लागली होती.

सिंधू वाकली आणि पोर तिच्या मांडीवर ठेवली. "धरा हिला. मी बोचकं बांधते."

"अगं, पाणी न्हाई म्हणतीय की मी!"

"ऐकलं की," सिंधू आतून म्हणाली. "आता घरनं घागरी किती न्यायच्या, ते तरी ठरवता येईल मला."

बाळीनं आजीकडं टक लावून बघितलं. मग तिच्या कानातलं फूल मुठीत धरलं आणि सगळ्या ताकदीनं खाली ओढलं. केवळाबाई कळवळली, हसली, पण ती मूठ काही तिनं सोडवली नाही.